आधी कोणाचा नंबर? सेवाज्येष्ठतेच्या यादीची कुळकथा

पनवेल, आपटा, पेण करत येणारी मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते. गाडी तीच, रूळ तेच, त्यामुळे प्रवाशाला हद्द ओलांडल्याचे कळतही नाही. नोकरी करणाऱ्याला मात्र ती पक्की ठाऊक असते. अलीकडचा माणूस भारतीय रेल्वेचा. पलीकडे कोलाडपासूनचा माणूस १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाचा. ही हद्द पुसून महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करावे, ही कोकणातली जुनी मागणी आहे. २०२५ साली महाराष्ट्र सरकारनेही या विलीनीकरणाला संमती दिली. दुपदरी मार्ग, नवी स्थानके, त्यासाठी लागणारा पैसा यांची चर्चा जाहीरपणे होते. महामंडळाच्या नोकरांत, आणि त्यांत जमीन देऊन नोकरी मिळालेले प्रकल्पग्रस्तही आहेत, त्याच वेळी दुसरा प्रश्न उभा राहतो : दोन याद्या एक झाल्या की माझा नंबर कुठे लागणार?

हा प्रश्न रोह्यापुरता नाही. याच रायगड जिल्ह्यात उलव्याजवळ ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथून उडणाऱ्या विमानांच्या कॉकपिटमध्येही हाच प्रश्न बसलेला असतो, आणि तिथे तो अधिक धारदार आहे.

वैमानिक कंपनीत दाखल झाला की त्याला एक सिनिऑरिटी नंबर मिळतो. कोणत्या विमानावर प्रशिक्षण मिळेल, कोणत्या शहरात बेस मिळेल, उजव्या खुर्चीतला फर्स्ट ऑफिसर डाव्या खुर्चीत बसून कमांडर कधी होईल, हे अनेक कंपन्यांत त्या नंबरावर ठरते. मंदी आली की यादीच्या तळापासून माणसे घरी बसवतात आणि दिवस पालटले की घरी बसलेल्यांतला सर्वांत ज्येष्ठ आधी परत येतो. अमेरिकेतले वैमानिक घरी बसवण्याला फर्लो म्हणतात आणि परत बोलावण्याला रिकॉल. फर्लोवर गेलेल्याचा पगार थांबतो, पण नंबर त्याचाच राहतो. कंपनी सोडून दुसरीकडे गेले तर हजारो तास उड्डाण केलेला कमांडरसुद्धा बहुधा तिथल्या यादीच्या तळाशी जातो. डॉक्टर किंवा वकील आपला अनुभव बरोबर घेऊन जातो. वैमानिकाचा अनुभव बरोबर जातो, ज्येष्ठता मागे राहते. म्हणून हा नंबर ही त्याची खरी मिळकत.

ही प्रथा आली कुठून?

मानाचा क्रम आपल्याकडे फार जुना आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या कागदांत वडीलपणाचे तंटे पुन्हा पुन्हा भेटतात. पाटीलकीचे दोन वाटेकरी असले की महजरावर नांगराची निशाणी आधी कोणाची, होळीची पोळी आधी कोणाची, शिरपाव आधी कोणाला, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. तो क्रम कुळावर ठरे. माणूस किती वर्षे राबला याचा त्याच्याशी संबंध नव्हता. आजच्या यादीत कुळाच्या जागी तारीख बसली, आणि तो बदल कचेरीतून आला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांची पायरी वर्षांवर ठरे. आधी रायटर, पाच वर्षांनी फॅक्टर, आणखी तीन वर्षांनी ज्युनिअर मर्चंट, पुढे सीनिअर मर्चंट. १७९३ च्या सनदी कायद्याने हा क्रम पक्का केला. वरच्या जागा कंपनीच्याच नोकरांतून भराव्यात, ठरावीक वर्षे सेवा झाल्याशिवाय मोठ्या पगाराची जागा देऊ नये आणि बढती ज्येष्ठतेने व्हावी, असे त्यात होते. लंडनच्या संचालकांचे आणि गव्हर्नरांचे भाचे-पुतणे थेट वरच्या जागी बसत, त्याला आळा घालणे हा हेतू होता. म्हणजे जन्मतःच ही यादी वशिल्याविरुद्धची ढाल होती. तिच्यातला दोषही तेव्हाचाच : कर्तबगार आणि कामचुकार दोघे एकाच वेगाने वर सरकतात.

कचेरीतली ही रीत कष्टकऱ्यांच्या हातात आली ती रेल्वेत. अमेरिकेत इंजिनचालकांची संघटना १८६३ साली उभी राहिली. त्या काळी कोणता चालक कोणती गाडी नेणार हे फोरमनच्या मर्जीवर असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालकांनी आणि फायरमनांनी करारांत ज्येष्ठतेचे कलम घालून घेतले. जुना चालक चांगली गाडी निवडेल, काम कमी झाले तर नवा आधी बसेल, काम आले तर बसलेल्यांतला जुना आधी येईल. पुढे मंदीच्या काळात रेल्वे कंपन्या एकमेकींत मिसळू लागल्या आणि नोकऱ्या जाऊ लागल्या. मग १९३६ साली वॉशिंग्टनमध्ये रेल्वे कंपन्या आणि संघटना यांच्यात विलीनीकरणातल्या नोकरांच्या संरक्षणाचा करार झाला. १९३१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन वैमानिकांच्या संघटनेने ज्येष्ठतेची रीत उचलली ती रेल्वेकडूनच. इंजिनाच्या केबिनमधून यादी कॉकपिटमध्ये गेली. आज आपल्या रेल्वेत इंजिनचालकाला लोको पायलट म्हणतात. ज्येष्ठतेच्या यादीपुरते या दोन पायलटांचे कूळ एकच आहे.

आपल्याकडे याच यादीसाठी गिरणगावात झगडावे लागले. कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, पेण-रोह्याकडची माणसे धरमतरहून बोटीने मुंबईला जात आणि गिरणीच्या दारात उभी राहत. आत कोणाला घ्यायचे ते मुकादम ठरवी. त्याला दस्तुरी दिली, त्याच्या खोलीत राहिले, त्याच्या दुकानातून माल घेतला, तर काम मिळे. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात या मुकादमशाहीवर कठोर टीका आहे. गैरहजर कामगाराच्या जागी रोजंदारीवर येणारा तो बदली. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची योजना आली. ठरावीक बदल्यांना कार्डे मिळाली, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या असे ठरले, आणि मुकादमाच्या मर्जीला पहिला लगाम बसला. १९५० साली त्याहून व्यापक योजना सरकारने आणली. कार्ड आणि त्यावरचा नंबर ही आज मामुली गोष्ट वाटते. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती पायाखालची जमीन होती, कारण त्या दिवसापासून पोट एका माणसाच्या लहरीवर राहिले नाही.

मग आले १९५३ साल. या कुळकथेतले सर्वांत महत्त्वाचे वर्ष हेच, आणि त्यात रोह्याचा माणूस होता. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचे. १९१८ च्या आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या त्या कारकिर्दीत, १ ऑगस्ट १९५३ रोजी, देशातली विमानवाहतूक सरकारकडे आली. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज अशा आठ देशी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे वेगळे महामंडळ झाले. आठ कंपन्या म्हणजे आठ याद्या. तीन वर्षांनी, १९५६ साली, देशमुखांनीच आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि २४५ संस्थांचे मिळून एक महामंडळ झाले. दोन्ही कायद्यांनी नोकरांना संरक्षण दिले : जुन्या नोकराची सेवा नव्या महामंडळाकडे जाईल आणि बदल होईपर्यंत त्याच्या सेवाशर्ती त्याच राहतील.

त्याच १९५३ सालच्या २४ ऑक्टोबरला औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. कापडगिरण्यांत माल साचला होता, टाळेबंदी आणि कपातीची भीती होती. व्ही. व्ही. गिरी कामगारमंत्री होते. या दुरुस्तीने ले-ऑफ आणि कामगार कपात या दोन गोष्टी कायद्याच्या चौकटीत आल्या. ले-ऑफमध्ये मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. कपातीत दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन. आणि त्याबरोबर दोन छोटी कलमे : २५-जी आणि २५-एच. पहिले सांगे, त्या वर्गातला शेवटी आलेला आधी जाईल आणि तसे करायचे नसेल तर मालकाने कारण लिहून ठेवावे. दुसरे सांगे, पुन्हा भरती करताना कपातीत गेलेल्यांना आधी विचारावे. अमेरिकन वैमानिक ज्याला फर्लो आणि रिकॉल म्हणतात, त्याचा गाभा या दोन कलमांत होता, आणि आपल्याकडे तो थेट कायद्यात आला.

१९५७ च्या केंद्रीय नियमांनी त्याला हातपाय दिले. कपातीच्या किमान सात दिवस आधी ज्येष्ठतेची यादी फलकावर लावायची. जागा भरायच्या किमान दहा दिवस आधी त्याची सूचना लावायची आणि घरी गेलेल्या कामगारांना त्यांच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवायचे. जागा थोड्या असतील तर निदान जागांच्या दुप्पट संख्येने ज्येष्ठांना कळवायचे. रोह्याजवळच्या धाटावच्या रसायन कारखान्यांत किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फलकावर लागलेली यादी माणसे बोट ठेवून वाचतात, वरून किती आणि खालून किती ते मोजतात. त्या कागदामागे हा सगळा इतिहास आहे.

यादीचा कस लागतो तो विलीनीकरणात, आणि आपल्याकडचा पहिला मोठा खटला मराठी मुलखातलाच. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज यांना जोडणारी बार्शी लाइट रेल्वे ही लंडनच्या कंपनीची छोटी लाइन. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. त्याआधी कंपनीने कामगारांना नोटिसा दिल्या की ३१ डिसेंबरला तुमची सेवा संपते. पुढे बहुतेकांना रेल्वेने घेतले. कामगार म्हणाले, जुन्या मालकाने आम्हाला कमी केले, तेव्हा कपातीची भरपाई द्या. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो हरिप्रसाद शुक्ल विरुद्ध दिवेलकर या नावाने ओळखला जातो. कपात म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे. धंदाच हस्तांतरित झाला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाई नाही. संसदेने ही पोकळी लगेच बुजवली. १९५७ च्या दुरुस्तीने कलम २५-एफएफ नव्या रूपात आले. धंदा दुसऱ्याकडे गेला तर भरपाई द्यावी लागेल. मात्र नव्या मालकाने सेवा अखंड धरली आणि शर्ती पूर्वीपेक्षा कमी ठेवल्या नाहीत, तर भरपाईची गरज नाही. १९६२ साली न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी अनकापल्ले सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात या कलमाची मर्यादाही सांगितली : भरपाई जुन्या मालकाकडून मिळेल, पण नव्याने आपल्याला घ्यावेच असा हक्क कामगाराला नाही.

सेवा अखंड धरली म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. तो तिथेच सुरू होतो. रेशनच्या दोन रांगा एकीत मिसळल्या तर दोन्हीकडचा दहावा माणूस म्हणतो, मी दहावा. सकाळी लवकर आलेला म्हणतो, वेळ पाहा. लहान रांगेतला म्हणतो, माझ्यापुढे नऊच जण होते. दोघेही खरे बोलतात. पगार किती आणि सेवा किती, हे कायद्याने सांगितले. दुसऱ्या यादीतल्या माणसाच्या पुढे की मागे, यावर तो गप्प राहिला.

२७ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडिया आणि इंडियन, म्हणजे पूर्वीची इंडियन एअरलाइन्स, यांची मिळून एक कंपनी झाली, तेव्हा हेच घडले. इंडियनच्या वैमानिकाला देशांतर्गत छोट्या फेऱ्यांमुळे कमांड लवकर मिळे, तर एअर इंडियाच्या वैमानिकाला मोठ्या विमानावरच्या कमांडसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग ज्येष्ठता मोजायची कुठून? नोकरीला लागल्याच्या तारखेपासून की कमांडर झाल्याच्या तारखेपासून? विलीनीकरण आधी झाले, उत्तर नंतर शोधायचे ठरले. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये इंडियनकडच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवसांचा संप केला. सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. त्याच वर्षी बोइंग ७८७ विमाने यायची होती. त्यांचे प्रशिक्षण इंडियनकडच्या वैमानिकांनाही द्यायचे ठरले, म्हणून मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम थांबवले. तो संप ५८ दिवस चालला. बाहेरून हा गलेलठ्ठ पगारवाल्यांचा हट्ट दिसला. पण दहा वर्षे ज्या खुर्चीची वाट पाहिली तिच्यावर दुसऱ्या यादीतला माणूस बसणार, ही वेदना धाटावच्या ऑपरेटरलाही कळेल.

अमेरिकेत एकमत झाले नाही तर यादी जुळवण्याचे काम त्रयस्थ लवादाकडे जाते. १९७२ साली अ‍ॅलेघेनी आणि मोहॉक या कंपन्यांच्या विलीनीकरणात न्याय्य आणि समन्यायी एकत्रीकरणाची अट घातली गेली, तिचाच हा वारसा. तरीही जखमा झाल्या. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. यूएस एअरवेजचे अनेक वैमानिक तेव्हा फर्लोवर होते. २००७ साली लवाद जॉर्ज निकोलाव यांनी त्यांना अमेरिका वेस्टच्या कामावर असलेल्या सर्वांत नव्या वैमानिकांच्याही खाली ठेवले. सोळा-सतरा वर्षांची नोकरी झालेला माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्याच्या मागे गेला. लवादाचा विचार असा की विलीनीकरणाच्या दिवशी ज्याच्याकडे खुर्चीच नव्हती, त्याने नव्या कंपनीत खुर्ची आणली नाही. घरी बसलेल्याचे म्हणणे असे की मला बसवले कंपनीने, आणि वर्षे तर मी दिली. या निवाड्यावरून वैमानिकांनी आपली जुनी संघटना बदलली, खटले झाले आणि दोन्हीकडचे वैमानिक कितीतरी वर्षे वेगवेगळ्या याद्यांवर उडत राहिले. त्याआधी २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली होती. तेव्हा टीडब्ल्यूएचे बहुतेक वैमानिक यादीच्या खालच्या टोकाला गेले आणि ११ सप्टेंबरनंतरच्या फर्लोत मोठ्या संख्येने घरी बसले. त्या अनुभवातून २००७ साली तिकडे कायदाच झाला : दोन विमान कंपन्या एक होताना याद्यांचे एकत्रीकरण न्याय्य रीतीने व्हावे आणि एकमत झाले नाही तर लवादाने करावे.

आपल्याकडे वैमानिकाला असे काहीच मिळाले नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली आणि वीस-पंचवीस वर्षांची ज्येष्ठता एका रात्रीत निरर्थक झाली. परत बोलावणारे कोणी उरले नाही. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या लाटेत, एअर इंडियाने बिनपगारी सक्तीच्या रजेची योजना आणली. सहा महिने ते दोन वर्षे, वाढवून पाच वर्षांपर्यंत. कोणाला पाठवायचे याचे निकष होते योग्यता, कार्यक्षमता, प्रकृती, पूर्वीची गैरहजेरी. त्यांत तारखेचा क्रम नव्हता. म्हणजे १७९३ साली जी मर्जी दूर सारायची होती तीच आडवाटेने परत आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि पुन्हा दोन याद्या एका छपराखाली आल्या.

२०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एक मोलाची गोष्ट सांगितली : वैमानिक हा औद्योगिक विवाद कायद्यातला कामगारच आहे. पगार मोठा असला तरी काम कुशल आणि तांत्रिक आहे. शेवटी आलेला आधी जाईल आणि गेलेल्याला आधी विचारावे, हे नियम त्यालाही लागू. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. तिने शेवटी आलेला आधी जाईल हे तत्त्व राखले. परत बोलावण्याच्या हक्काला मात्र मुदत घातली : कपातीनंतर एका वर्षाच्या आत भरती झाली तरच जुन्या कामगाराला विचारायचे. मंदी वर्षभरात सरतेच असे नाही, आणि विमानवाहतुकीत तर मुळीच नाही. चौदाव्या महिन्यात भरती करणारा मालक आता जुना पत्ता शोधायला बांधील नाही. जुन्या कलमात अशी मुदत नव्हती.

पेण-रोह्याला या कथेची गरज आहे ती याचसाठी. पेण तालुक्यात डोलवीला इस्पात कंपनीचा पोलाद कारखाना २०१० साली जेएसडब्ल्यूच्या हाती गेला आणि २०१३ साली ती कंपनी जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीन झाली. नुसते शेअर विकले गेले तर कायद्याने मालक तोच राहतो आणि यादी हलत नाही. कंपनीच दुसरीत मिसळली की यादीचा प्रश्न येतो. हा फरक फाटकावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक हवा. त्याच फाटकातून आत जाणारा कंत्राटी कामगार तर मुख्य मालकाच्या कुठल्याच यादीत नसतो. त्याच्यासाठी मुकादमाचा काळ अजून सरलेला नाही.

ज्येष्ठतेची यादी परिपूर्ण नाही. ती हुशार तरुणाला थांबवते आणि आळशालाही पुढे नेते. पण तिच्याऐवजी जे येते ते आपण पाहिले आहे : गिरणीच्या दारातली दस्तुरी आणि २०२० सालचे निकष. गुणवत्तेला वाव द्यायचा असेल तर बढतीत परीक्षा ठेवता येते. घरी कोण जाईल आणि परत कोण येईल, हे मात्र तारखेनेच ठरावे.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत जाणार असेल तर रोह्याच्या दोन्ही बाजूंच्या नोकरांनी एअर इंडियाचा धडा लक्षात ठेवावा. रेल्वेत स्वतःच्या विनंतीने बदली घेतली तर बॉटम सिनिऑरिटी मिळते. विलीनीकरण ही कोणाची विनंती बदली नव्हे, आणि तो नियम इथे लावला जाऊ नये. ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून मोजणार, दोन याद्या कोणत्या सूत्राने जुळवणार आणि मतभेद झाला तर कोणता त्रयस्थ निवाडा करणार, या तीन गोष्टी विलीनीकरणाच्या करारावर सह्या होण्याआधी त्यात लिहिलेल्या असाव्यात. नंतर त्यासाठी ५८ दिवसांचा संप करावा लागतो आणि तोही पुरत नाही. नव्या संहितेतली एका वर्षाची मुदत वाढवावी, ही मागणी कामगार संघटनांनी एकत्र येऊन करावी, वैमानिकांनी आणि धाटावच्या कामगारांनी मिळून करावी. कारण यादी दोघांची एकच आहे.